मेपलच्या फळीवरची हळद

दुपारची झोप म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी चार दिवस येऊन राहावं. मीही शाळेत शिकवत होते तेव्हा असंच म्हणायचे. जेवून डुलक्या घेणाऱ्या माणसांचा मला राग यायचा. मग निवृत्त व्हायची वेळ आली आणि लोक विचारायला लागले, आता काय करणार बाई? कुणी यात्रेची नावं सुचवली, कुणी म्हणालं पेटी शिका. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. दुपारी जेवायचं, पंखा लावायचा, मधल्या खोलीत चटईवर पडायचं आणि कुणी उठवेपर्यंत उठायचं नाही. एवढाच माझा बेत होता. आयुष्यभर घंटेवर जगलेल्या बाईनं याहून जास्त काय मागावं?

बेत मोडला. आमच्या ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली.

हे वाद्यं दुरुस्त करायचे. मूळ घर सीमाभागातल्या काकती गावचं, थोडी शेती, थोडी सुतारकी. ह्यांनी सुतारकीतूनच हा वेगळा रस्ता काढला. जवळच्याच शहरात, खडेबाजाराच्या एका बोळात ह्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक बाक, एक स्टूल आणि भिंतीवर टांगलेले तंबोऱ्याचे भोपळे. पेटीचे भाते शिवणं, सतारीचे पडदे बांधणं, व्हायोलिनच्या चिरा सांधणं, असं सगळं चालायचं. भजनी मंडळाचे लोक मराठीत भांडायचे, गाण्याच्या क्लासवाले कानडीत भांडायचे, हे दोघांनाही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचे. व्हायोलिन हे ह्यांचं खरं प्रेम. पण जन्मभर दुसऱ्यांचीच जोडली. ‘स्वतःच्या हातचं एक तरी करायचं हाय,’ हे वाक्य लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी ऐकत आले. सुरुवातीला कौतुकानं ऐकायचे. नंतर भाजी निवडता निवडता ऐकायला लागले.

त्या व्हायोलिनसाठी ह्यांच्याकडं मेपलच्या लाकडाच्या दोन फळ्या होत्या. परदेशात जाऊन राहिलेले एक जुने गिऱ्हाईक होते, त्यांच्या वडिलांचं व्हायोलिन ह्यांनी जोडून दिलं होतं. ते एकदा गावी आले तेव्हा कागदात गुंडाळलेलं जड पुडकं घेऊन घरी आले. मला वाटलं, चॉकलेटं असतील. चांगल्या ताटल्या काढल्या मी. उघडून बघते तर लाकूड! पांढरं, पीठ मळून ठेवल्यासारख्या रंगाचं. मी मनात म्हटलं, एवढं समुद्र ओलांडून आलात ते सरपण घेऊन व्हय? पण ह्यांचं तोंड बघितलं आणि ताटल्या परत जागेवर ठेवल्या. आमच्या थोरलीचा जन्म झाला तेव्हासुद्धा ह्यांचं तोंड तसं झालं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. ‘हिकडं ये. बघ.’ फळी उजेडात तिरपी धरली. तिच्यावर आडव्या लाटा होत्या, एक उजळ पट्टा, एक सावळा पट्टा, पुन्हा उजळ. हात फिरवला तर एकदम सपाट, बोटाला काहीच लागत नव्हतं. मग ह्यांनी फळी जरा कलती केली, तर मघाचे उजळ पट्टे सावळे झाले आणि सावळे उजळले. मी फळी हातातून घेतली आणि उलटसुलट करून बघितली. रंग दिलाय का म्हणून नखानं खरवडूनही बघितली.

‘अगं, रंग न्हाय त्यो. रेशाच तसा हाय.’ मग शिकवणी सुरू झाली. आमच्या घरात मास्तरीण मी, पण लाकडाचा विषय निघाला की हे माझ्यावर उट्टं काढायचे. साध्या लाकडात रेशा, म्हणजे लाकडाचा तंतू, सरळ धावतो. ह्याच्यात तो वर जातो, खाली जातो, वर जातो. चिरल्यावर कुठं रेशाची बाजू वर येते, कुठं त्याचं तोंड वर येतं, म्हणून उजेड एका जागी परततो आणि दुसऱ्या जागी आत जातो. सगळ्याच मेपलला हे नसतं, हजारात एखाद्या झाडाला असतं. एखाद्याला लाटांऐवजी बारीक बारीक डोळे असतात, एखाद्यावर गोधडीसारखे फुगवटे दिसतात. झाड असं का करतं ते कुणाला ठाऊक नाही, आणि बाहेरून साल बघून कळतही नाही. तोडून चिरल्यावरच कळतं.

‘मग ह्याचं करतात काय?’ मी विचारलं.

‘व्हायोलिनची पाठ. बरगड्या. मान. पोट तेवढं दुसऱ्या मऊ लाकडाचं. हे कठीण हाय, आवाज गिळत न्हाय, परत फेकतंय.’ तिकडं म्हणे ह्याची टेबलंही करतात, बंदुकीचे दस्तेही करतात, आणि कागदाएवढे पातळ पापुद्रे काढून कपाटांच्या दारांवर चिकटवतात. ते सांगताना ह्यांचा आवाज असा झाला, जसं कुणी बासुंदीनं भांडी घासतंय.

आणि मग त्या फळ्या माळ्यावर गेल्या. ‘लाकूड मुरू दे.’ मुरू दे, मुरू दे करत किती पावसाळे गेले कोण जाणे. माझा संताप व्हायचा. मी म्हणायचे, लोणचं घातलंय का? पण हे घाबरत होते, हे मला कळायचं. आपल्याकडच्या सागावर, शिसवीवर रंधा कसा चालवायचा हे ह्यांच्या हाताला पाठ होतं. ह्या लाकडावर रंधा उलटतो. रेशा वर-खाली असल्यामुळं पातं एका लाटेवरून छान सरकतं आणि पुढच्या लाटेत खपली उचकटून काढतं. रंधा बाजूला ठेवून पोलादाच्या पत्तीनं हळूहळू खरवडत जावं लागतं. चुकलं तर दुसरी फळी इथं कुठल्या वखारीत मिळणार? अखेर झटका येण्याच्या आधीच्या थंडीत ह्यांनी धीर केला. दोन्ही फळ्या मधोमध जोडल्या, लाटा दोन्हीकडून उतरत येऊन मध्ये भेटतील अशा, आणि पाठीचा आकार कापून ठेवला. घरभर मिरवला तो. ‘आता हिला आतनं-बाहेरनं घडवली की निम्मं व्हायोलिन झालं.’

तेवढ्यात हा झटका.

दुकान बंद केलं. हत्यारं खासबागेतल्या आमच्या राहत्या घरी आणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचली. आणि माझी शाळा पुन्हा भरली, फक्त आता विद्यार्थी एकच आणि सुट्टी नाही. सकाळी तेल, मग व्यायाम शिकवणारी मुलगी येणार, ती कानडीत ‘एत्री, एत्री’ म्हणत हात वर करायला लावणार, हे तिच्याकडं रागानं बघणार. मग अंघोळ, गोळ्या, जेवण भरवणं, तोंड पुसणं. जरा टेकलं की हाक. हाक म्हणजे शब्द नव्हे, घशातून एक ‘आं’ यायचा. उशी सरकली, आं. पंखा जोरात आहे, आं. मी कुठं गेले, आं. त्यांचाही इलाज नव्हता, हे मला कळत होतं. कळून थकवा जात नाही. कधी कधी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून मी नुसती उभी राहायचे आणि स्वतःलाच म्हणायचे, बाई गं, पडशील.

बोलणं परत आलं तेव्हा पहिला शब्द आला तो कानडी. ‘ब्याड.’ नको. गोळी ब्याड, भात ब्याड, फिरायला ब्याड. घरात आम्ही जन्मभर मराठी बोलणारी माणसं! माझी आक्का निपाणीला असते, तिला फोनवर सांगितलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, ‘तुझ्या घरचा सीमाप्रश्न सुटला म्हणायचा गं.’ मीही हसले. फोन ठेवताना रडले. मराठी हळूहळू आली मागाहून, पण राग आला की अजूनही ब्याडच.

दसरा आला. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पटाश्या, करवती, रंधे धुऊन पुसून घोंगड्यावर मांडायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि हळद-कुंकू लावायचं. ह्यांची आणखी एक रीत होती, त्यांच्या वडिलांपासूनची. त्या वेळी जे लाकूड हातात असेल तेही हत्यारांशेजारी ठेवायचं आणि त्याच्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढायची. साग असो, शिसव असो, दसऱ्यानंतर पत्ती मारली की ती हळद निघून जाते, काही राहत नाही. त्या वर्षी मी हत्यारं मांडली, तर हे भिंतीला धरून शेडच्या दारात येऊन उभे. ‘ते आण,’ म्हणाले. मी विचारलं, काय? ‘मेपल.’

मला केवढा आनंद झाला! इतक्या महिन्यांत ह्या माणसानं एखादी वस्तू मागितली. मला वाटलं, चला, काम मनात आलं. काम मनात आलं म्हणजे हे शेडमध्ये बसतील. हे बसले की मी पडेन. खोटं कशाला बोलू, व्हायोलिन माझ्या डोक्यात दुसऱ्या नंबरावर होतं. पहिल्या नंबरावर चटई होती.

पाठीची फळी मी आणून घोंगड्यावर ठेवली. हळदीची वाटी पुढं केली आणि म्हटलं, मी ओढू का बोटं? ‘ब्याड.’ स्वतःच हात घातला, आणि तोही उजवा, कारण पूजेला डावा कसा चालेल? उजव्या हाताला वाटीची कड कुठं आहे ते कळलं नाही. वाटी पालथी. सगळी ओली हळद त्या पांढऱ्या फळीवर पसरली, मधल्या सांध्यावरून दोन्हीकडं ओघळ गेले.

मी पदर घेऊन धावले. ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पूजेत मांडलेलं उचलायचं नाही, पुसायचं नाही, दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत हत्यारालाही हात लावायचा नाही. तीही वडिलांपासूनची रीत. मी म्हटलं, ‘अहो, डाग पडंल.’ हे मान हलवत राहिले. मग मीही ऐकलं. सागावर पडत नाही तर ह्याच्यावर कसा पडेल, असं दोघांच्याही मनात होतं. रात्रभर ती ओली हळद तशीच राहिली.

दसऱ्याला पूजा उतरवली, कोरडी हळद झटकली. खालची फळी पिवळी झाली होती. तीही सारखी पिवळी नव्हे. जिथं रेशाचं तोंड वर होतं तिथं हळद खोल प्यायली होती, जिथं बाजू होती तिथं वरवर. लाटा आधी उजेडात कलवल्यावर दिसायच्या, आता अंधारातही दिसत होत्या, गडद पिवळी, फिकट पिवळी, गडद पिवळी. मला विचाराल तर सुंदर दिसत होती. तसं मी म्हणालेही. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. संध्याकाळी जेवले नाहीत. त्या माणसाच्या हातून आयुष्यात एकच लाकूड खराब झालं, आणि ते नेमकं हे.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हे आपणहून उठले. भिंत धरत शेडमध्ये गेले. मी मागोमाग. ‘काच दे,’ म्हणाले. आमच्याकडं सुतार फुटक्या काचेच्या धारेनंही लाकूड खरवडतात. म्हटलं, त्या हातात काच मी देणार नाही, मला अजून एक दुखणं परवडत नाही. शेवटी जुन्या करवतीतून कापलेली पोलादी पत्ती शोधली. फळी बाकावर शिकंज्यात आवळून दिली. डाव्या हातात पत्ती, उजवा हात नुसता तिच्यावर ठेवलेला. खर्र. थांबले. खर्र. ‘जा तू,’ म्हणाले.

शेड आणि मधली खोली ह्यांच्यामध्ये एकच भिंत. मी चटई टाकली. भिंतीपलीकडून आवाज येत होता, खर्र, मग जरा वेळ, मग खर्र. आवाज आहे म्हणजे माणूस बसलेला आहे, पडलेला नाही, मला हाक मारत नाही. किती महिन्यांनी माझ्या पाठीचा मणका न् मणका जमिनीला टेकला. आणि काय झोप लागली म्हणून सांगू! उठले तेव्हा गालावर चटईच्या काड्या उमटल्या होत्या आणि चहाची वेळ टळून गेली होती.

मग ते रोजचं झालं. जेवण, गोळी, आणि हे शेडमध्ये. व्यायामाच्या मुलीनं बोटं तपासली आणि खूश होऊन म्हणाली, पकड सुधारतेय, काय करता? मी म्हटलं, हळद काढतायत. तिला काही कळलं नाही. आक्काला तर मी पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं, ‘आक्का, ती खरखर चालू असली की मी माणसात येते बघ. ती थांबली की झोपेतसुद्धा छातीत धस्स होतंय. रोज देवाला म्हणते, ती हळद कधी न निघू दे.’ हे पलीकडं पेपर घेऊन बसले होते. पेपरावर नजर होती, म्हणून मी आवाज काही बारीक केला नाही.

शेड झाडायला मात्र हे मला येऊ देत नव्हते. भुसा स्वतः डाव्या हातानं गोळा करून पोत्यात भरायचे. लुंगीवर राहिलेला मी झटकायचे, तो पिवळाधमक असायचा. मला वाटायचं, बघा, निघतेय की हळद. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी भुसा पिवळाच.

एक दिवस ह्यांचे जुने दोस्त आले. वखारीत लाकूड कापण्यात त्यांचा जन्म गेला. ह्यांना भेटून झाल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ चहा घेत बसले. मी हौसेनं सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. ‘वैनी, दसऱ्यापासनं रोज घासत्यात?’ म्हटलं, व्हय. ‘अवो, फळी हाय का डोंगर? पाठीला जाडी लागतीय. मधी जाड, कडंला पातळ, ती घडवायलाच मुळात माल लई न्हाय त्यात. हळद खोल गेलीया, ती निघणार न्हाय, लाकूड मात्र संपणार. लाटांचं लाकूड पातळ झालं की वाकडंबी हुतंय. त्यास्नी कुणीतरी थांबवा.’

कुणीतरी म्हणजे कोण? मीच.

ते गेले आणि माझी दुपार नासली. चटईवर पडले तर प्रत्येक खर्रला डोळ्यांपुढं फळी पातळ होत होती. जन्मभर ज्या एका व्हायोलिनचं नाव घेतलं ते ह्या माणसाच्या हातानंच भुसा होऊन पोत्यात चाललं होतं. थांबवलं तर? थांबवलं तर हे भिंतीकडं तोंड करून आडवे होणार, पुन्हा आं, पुन्हा उशी, पुन्हा पंखा, आणि मी ओट्याला धरून उभी. मला दोन्ही नको होतं. मला राग येत होता, त्या फळीचा, ती आणणाऱ्या पाहुण्यांचा, हळदीचा, ह्यांच्या वडिलांच्या रीतींचा. एवढी दमलेली बाई मी, माझ्याच कपाळी का हा हिशोब? उद्या सांगते म्हटलं. उद्याही तेच म्हटलं. दोन-चार दुपारी अशाच गेल्या. आवाज चालू आणि मी टक्क जागी.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी उठलेच. म्हटलं, झोप गेली खड्ड्यात, ह्यांचं व्हायोलिन तरी राहू दे. चप्पल न घालता शेडच्या दाराशी गेले. हे पाठमोरे बसले होते. खर्र, जरा वेळ, खर्र. मी जवळ जाऊन खांद्यावरून बघितलं.

शिकंज्यात मेपल नव्हतं.

ती फणसाची फळी होती. आमच्या काकतीच्या घरातल्या जुन्या मांडणीची, किती वर्षं शेडमध्ये पडून होती. फणसाचं लाकूड मुळातच पिवळं. ती खरवडून खरवडून पापडासारखी झाली होती, मध्ये एका जागी आरपार भोकही पडलं होतं. बाकाखाली आणखी दोन तशाच, झिजून फेकलेल्या.

इकडंतिकडं बघितलं, तर वरच्या फडताळावर माझ्या जुन्या इरकल साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हलकेच काढून उघडलं. मेपलची पाठ, जशीच्या तशी जाड, पिवळ्या लाटांची. एका कोपऱ्यात तेवढी हाताच्या तळव्याएवढी जागा खरवडलेली, आणि तिथंच पत्ती घसरून पडलेली एक खोल चीर. म्हणजे पहिल्या काही दिवसांतच ह्यांना कळलं होतं. हळद निघणार नाही, आणि हा हात आता हे लाकूड करू शकणार नाही. कळल्यावर फळी नीट पुसून, साडीत गुंडाळून वर ठेवली होती. कुणाला एक शब्द बोलले नव्हते. आणि आक्काला मी फोनवर काय सांगितलं ते ऐकल्यापासून रोज दुपारी इथं बसून नुसता आवाज करत होते.

आवाज थांबला. ह्यांनी मान वळवली. माझ्या हातातली फळी बघितली, मग मला बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, ब्याड म्हणतील.

‘का गं,’ म्हणाले, ‘झोप लागली न्हाय व्हय आज?’

मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं. म्हटलं, ‘अहो, मग व्हायोलिन?’

ह्यांनी डावा हात पुढं करून फळी माझ्याकडून घेतली. दारातल्या उन्हात तिरपी धरली. पिवळ्या लाटा एकीकडून पेटल्या, मग कलती केल्यावर दुसरीकडून. ‘चांगली दिसतीया,’ ह्यांनी कबूल केलं. मग ती पुन्हा साडीच्या तुकड्यात ठेवली आणि गुंडाळायला मला दिली, कारण एका हातानं गाठ बसत नव्हती. मी गाठ मारली.

‘तुमाला दमायला होत असंल,’ मी म्हटलं. ‘राहू द्या आता हे.’

‘जा, पड जा,’ हे म्हणाले आणि पत्ती उचलली. ‘मी हाय की.’

मी येऊन चटईवर पडले. भिंतीपलीकडं खर्र सुरू झालं. आता तो आवाज कशाचा आहे हे मला ठाऊक होतं. वाटलं, ह्यापुढं आपल्याला दुपारी कधी डोळा लागायचा नाही.

पण फार दमले होते हो मी. लागला.